बाटली कोमट असते

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, की नोकरीतले अनुभव लिहा, वाचकांना काहीतरी वेगळं मिळेल. मी विचारलं, "मी नोकरी कशाची केली ते ठाऊक आहे ना?" ते म्हणाले, "लॅबमध्ये होतात." म्हटलं, "हो, पण लॅबमध्ये माझ्या वाट्याला जन्मभर लघवी आली." मग ते म्हणाले, "लिहा, लिहा. पाककृतींच्या पानांपासून लांब छापू." म्हणून लिहिते आहे. कोणाचा फराळ बेचव झाला तर दोष त्यांना द्यावा.

लोकांना रक्ताचं कौतुक फार. रक्त द्यायचं म्हटलं की माणूस बाही वर करतो, तोंड फिरवतो, घरी जाऊन सांगतो. लघवीची बाटली मात्र चोरीचा माल असल्यासारखी येते. पिशवीत पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र, वरून रुमाल. टेबलावर ठेवताना माणूस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतो. बायकांचं तर विचारूच नका. पदराखालून बाटली अशी सरकवतात की ती आली कुठून हे देवालाही कळू नये. मी लाजले असते तर नोकरी पहिल्याच आठवड्यात सुटली असती.

सुरुवात धुळ्याच्या एका सरकारी दवाखान्यात झाली. तिथे साक्रीकडचे एक आबा आले होते. त्यांना सकाळची लघवी आणायला सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी ते तेलाचा कॅन घेऊन हजर. झाकण उघडायच्या आधीच मला सगळं कळलं. मी म्हटलं, "आबा, हे काय?" ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "बठ्ठं लई उनू, बाई. काही कमी नही शे." म्हणजे सगळंच्या सगळं आणलंय. त्यातले मला दोन चमचे पुरे होते. बाकीचं ओतून देते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. एवढं लांबून एसटीत मांडीवर धरून आणलेलं, शेजारच्या प्रवाशांचं काय झालं असेल कोण जाणे. मी हसले नाही. आत जाऊन हसले.

तिथेच देवरे सरांनी मला काम शिकवलं. ते आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ, स्वभावाने तिखट, चुकलं की सगळ्यांसमोर बोलायचे. मी आल्या आल्या त्यांनी मला लघवी दाखवलीच नाही. आधी मूत्रपिंडाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापून, गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवलेला तो तुकडा. म्हणाले, "घर कसं आहे ते आधी बघ. मग त्यातून काय बाहेर येतंय ते कळेल."

ते घर मी तुम्हालाही थोडक्यात दाखवते, कारण पुढची गोष्ट त्याच घरात घडते. मूत्रपिंडात लाखो बारीक गुंड्या असतात. अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, सुताच्या गुंडीसारखा, आणि प्रत्येक गुंडी एका पातळ वाटीत बसवलेली. रक्त तिथे येतं आणि गाळलं जातं. रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहतात, पाणी, मीठ, साखर आणि नको असलेलं सगळं वाटीत झिरपतं. तिथून एक बारीक नळी निघते. ती वळणं घेत खाली खोल जाते, पुन्हा वर येते आणि जाता जाता बहुतेक पाणी, सगळी साखर आणि लागेल तेवढं मीठ रक्ताला परत करते. नळीच्या आतल्या पेशींना ब्रशसारखे केस असतात, त्यांचं काम हेच, परत घेणं. उरतं ते लघवी. आमच्या खानदेशातल्या मे महिन्यात माणूस वाळून जात नाही तो या नळ्यांमुळे. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी देवरे सरांना म्हटलं, "सर, किती सुंदर आहे हो!" ते म्हणाले, "सुंदर आहे तोवर आपल्याकडे कोणी दाखवायला येत नाही."

त्यांचं ते बोलणं खरं निघालं. आमच्याकडे यायचं ते बिघडल्यावर.

काम तसं साधं. लघवी एका नळीत घालून मशीनमध्ये गरगर फिरवायची. तळाशी गाळ बसतो. वरचं ओतून द्यायचं, गाळाचा थेंब काचेवर ठेवायचा, वर पातळ काच झाकायची आणि बघायचं. खानदेशात सगळ्यांत जास्त दिसायचे ते खडे. म्हणजे खड्यांचे स्फटिक, पोस्टाच्या पाकिटासारखे चौकोनी, मध्ये फुली मारलेले. ऊन इतकं आणि शेतात पाणी पिणं इतकं कमी, की प्रत्येक गावात मुतखडा झालेली माणसं असतातच. बायकांना तर शेतात आडोसा नसतो म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यामुळे लघवीतून रक्त गेलं की आमच्याकडे कोणी डॉक्टरला विचारत बसत नाही. घरातच निदान होतं, मुतखडा.

पण रक्त कुठून आलं हे काचेवर कळतं. खाली मूत्राशयात किंवा खड्याने ओरखडलं असेल तर लाल पेशी सुट्या सुट्या दिसतात. रक्त वर, त्या गुंड्यांमधून गळत असेल तर पेशी नळीत अडकतात, तिथल्या प्रथिनात थिजतात आणि नळीच्याच आकाराचा साचा होऊन बाहेर पडतात. आम्ही त्याला कास्ट म्हणतो. विटकरी रंगाची ती लांबट गोष्ट काचेवर दिसली की मी लगेच डॉक्टरांना हाक मारायचे. गाळणी फाटली, एवढाच तिचा अर्थ.

पुढे लग्न होऊन मी जळगावला आले आणि एका खासगी लॅबमध्ये लागले. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. व्हरांड्यात बाकडी, एक माठ, माठावर साखळीने बांधलेला पेला, आणि आत मी. आमचे डॉक्टर शांत माणूस, शंका आली की स्वतः उठून माझ्या मायक्रोस्कोपपाशी यायचे. याच लॅबमध्ये मयुरी आली.

फैजपूरकडच्या एका गावातली, कॉलेजात शिकणारी मुलगी. बरोबर आई शोभाताई आणि वडील भास्करभाऊ. केळीचे बागायतदार, बोलायला मोकळे. मुलीची लघवी चहाच्या रंगाची झाली होती म्हणून आले होते. भास्करभाऊंनी आल्या आल्या खिशातून काडेपेटी काढून मला उघडून दाखवली. आत कापसावर एक काटेरी खडा. म्हणाले, "हा माह्या पोटातून निंघेल हाये, बाई. केयीच्या खांबाचं पानी पेलो अन् खडा बाहेर. पोरीलेही तेच झालं असंन."

केळीच्या खांबाचा रस हा त्या पट्ट्यातला घरचा इलाज. घड कापल्यावर खांब पडतो, त्याचा गाभा ठेचायचा, पिळायचा, सकाळी उपाशीपोटी पेलाभर प्यायचा. खड्यासाठी म्हणून कोणी पितं, त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत.

पण मयुरीच्या काचेवर पाकिटं नव्हती. विटकरी साचे होते, एकामागून एक. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, बाहेर जाऊन भास्करभाऊंना समोर बसवलं आणि स्पष्ट सांगितलं, "हा खडा नाही. मूत्रपिंडाची गाळणी सुजली आहे. आजच्या आज किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. लवकर औषध सुरू झालं तर वाचवता येते." चिठ्ठी लिहून दिली. भास्करभाऊंनी मान डोलावली. मयुरी माठातलं पाणी पीत उभी होती, तिने माझ्याकडे बघून हसून हात केला. डोळ्यांखाली जरा सूज होती, बाकी चांगली टवटवीत होती.

ते किडनीच्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. घरी गेल्यावर भाऊबंद जमले. प्रत्येकाला कधी ना कधी खडा झालेला, प्रत्येकाचा रसाने गेलेला. एवढे सगळे अनुभवी लोक एका बाजूला आणि लॅबमधला एक थेंब दुसऱ्या बाजूला. शिवाय मुलीच्या अंगाला सुया लावायच्या, हेही कोणाला नको होतं. बाप मुलीवर जीव टाकणारा. रोज पहाटे स्वतः बागेत जाऊन ताजा खांब कापून आणायचा आणि स्वतःच्या हाताने ठेचायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी समजून चालले होते की ती उपचार घेत असेल.

त्यानंतर काही आठवड्यांनी उन्हाने कहर केला. पंखा गरम हवा फेकत होता, काचेची झाकणं हाताला चटका देत होती. अशा दुपारी ती तिघं पुन्हा आली. मयुरीला मी ओळखलंच नाही. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, पायांत चपला मावत नव्हत्या. मी विचारलं, "कोणत्या डॉक्टरांचं औषध चालू आहे?" भास्करभाऊ म्हणाले, "रस चालू हाये ना. आता साफ झालं असंन, तेच पाहाले आलो." माझा संताप झाला, पण मुलीसमोर काय बोलणार. बाटली दिली. शोभाताई तिला धरून संडासाकडे घेऊन गेल्या.

थोड्या वेळाने शोभाताईंनी बाटली माझ्या हातात ठेवली. काठोकाठ भरलेली, रंग फिकट, जवळपास पाण्यासारखा. आणि थंडगार.

आता हे सांगायला मोठं ज्ञान लागत नाही. नुकतीच केलेली लघवी कोमट असते. त्या दुपारी तर नळाचं पाणीसुद्धा कढत येत होतं. आमच्या लॅबमध्ये थंड अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे व्हरांड्यातला माठ.

तरीही मी काचेवर घेऊन बघितलं. साचे विरघळून गेले होते. लाल पेशी पाणी शोषून फुगल्या आणि फुटल्या होत्या, नुसती रिकामी टरफलं तरंगत होती. यंत्रात घातलं असतं तर बहुधा छान रिपोर्ट आला असता. तो रिपोर्ट घेऊन भास्करभाऊ आनंदाने घरी गेले असते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा खांब कापला असता.

मी शोभाताईंना आत बोलावलं आणि दार लोटलं. "ताई, यात माठातलं पाणी घातलंत?"

त्या घाबरल्या नाहीत, लपवलंही नाही. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "घातलं, बाई. सगये म्हनता, भरपूर पानी पाजा, म्हनजे रंग साफ होईन. पन तिच्यानं पानी जात नही. रस पेली का वकते. तिचा बाप बाहेर बसेल हाये. रंग साफ नही झाला तर तिलेच बोलीन का तू रस पेत नही. पोरगी रडते हो. मंग मीनं वरून घातलं." आणि मग अगदी सरळपणे विचारलं, "पोटातून घातलं काय अन् वरून घातलं काय, पानी ते पानीच ना?"

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. ती मुलीचं अर्धं काम आपण करत होती, जशी मुलगी दमली की तिच्या वाटणीची भांडी घासावीत तशी.

मी मयुरीला पुन्हा बाटली दिली आणि या वेळी स्वतः बरोबर गेले. फार वेळाने तिने बाटली बाहेर दिली. तळाशी जेमतेम दोन चमचे, गडद, फेसाळ. पण कोमट. "एवढीच होते, मावशी," ती म्हणाली. "आईला बोलू नका." तिला सगळं माहीत होतं.

डॉक्टरांनी लगेच रक्त घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, इतकं वाढलेलं की त्यांनी मला पुन्हा तपासायला लावलं. पोटॅशियमही धोक्याच्या वर. पोटॅशियम हा क्षार मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा असतो, साठला तर हृदय थांबू शकतं. आणि केळीत, केळीच्या खांबात तो भरपूर असतो. डॉक्टरांनी हे भास्करभाऊंना समजावलं. आवाज न चढवता म्हणाले, "आजार रसामुळे झाला नाही, भाऊ. पण तिला आता रस द्यायचा नाही. केळंही नाही, नारळपाणीही नाही. आणि इथून घरी जायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं." भास्करभाऊ उठले, खिशातली काडेपेटी काढली, बघितली, परत ठेवली. शेवटी मयुरीच म्हणाली, "चला ना बाबा."

या वेळी ते गेले. मूत्रपिंडाचा नमुना सुईने काढला, दोऱ्याएवढा तुकडा. त्याची स्लाइड बघायला आमच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. सुताच्या त्या गुंड्या मी इतक्या वर्षांत पुष्कळ बघितल्या होत्या, पण अशा नाही. प्रत्येक वाटीत बाहेरून पेशींचा थर माजून गुंडीला एका बाजूला चेपत होता. त्या थराचा आकार चंद्रकोरीसारखा असतो आणि वैद्यकाच्या पुस्तकातही त्याला चंद्रकोरच म्हणतात. नाव गोड आहे. जिथे कोर जुनी होऊन घट्ट झाली तिथली गाळणी परत येत नाही. मयुरीच्या बहुतेक सगळ्या घट्ट झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा आली तेव्हा या कोवळ्या असणार," आणि खुर्ची मागे सरकवून उठून गेले.

औषधं दिली, उपयोग झाला नाही. डायलिसिस सुरू झालं. आईला साखर निघाली, वडिलांना जुनं ब्लडप्रेशर, दोघांचीही किडनी घेता येईना. किडनी मिळण्याच्या यादीत नाव लागलं, ते अजून यादीतच होतं. डायलिसिसचं केंद्र आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत. मुलगी यंत्रावर असायची तेवढा वेळ शोभाताई आमच्या व्हरांड्यात येऊन बसायच्या. मयुरीला दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी, कारण आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही. म्हणून त्यांनी स्वतःही पाणी पिणं कमी केलं होतं. त्या उन्हात माठाशेजारी बसून माठाकडे बघायच्या नाहीत. भास्करभाऊ यायचे, पण आत यायचे नाहीत, रस्त्यापलीकडे झाडाखाली उभे राहायचे. त्यांनी घराजवळची केळी काढून टाकली असं शोभाताई म्हणाल्या. मला त्यांचा राग आला होता, तो कधी गेला ते कळलं नाही. इतक्या प्रेमाने माणूस इतकं चुकू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

डायलिसिसवरच्या माणसाची लघवी हळूहळू कमी होत जाते आणि बहुतेकांची एक दिवस थांबते. हे नातेवाइकांना कोणीतरी सांगतं, पण ते त्यांना कळलेलं नसतं.

एके दिवशी शोभाताई आत आल्या. पदराखालून बाटली काढली आणि माझ्या टेबलावर न ठेवता थेट माझ्या तळहातात ठेवली, वर स्वतःचा हात ठेवला. "बाई, पानी नही घातलं. देवाशप्पथ. एवढंच निंघालं तिच्यातून. पाहा, कोमट हाये."

बाटलीच्या तळाशी काही थेंब होते. कोणत्याही डॉक्टरने ही तपासणी सांगितली नव्हती. मी विचारलं, "कशाला आणलंत, ताई?"

"त्या खेपेला मीनं खोटं दिलं," त्या म्हणाल्या. "त्याच्यानंच असं झालं ना? आता खरं आनलं हाये. आता पाहा ना."

मी सांगितलं की तसं काही नाही. तुम्ही पाणी घातलं ते मला तेव्हाच कळलं होतं, त्याने एक दिवससुद्धा वाया गेला नाही, आजार त्याच्या आधीच पुढे गेला होता. हे सगळं खरं होतं. त्या ऐकत होत्या, पण नजर बाटलीवरून हलत नव्हती. मग मी बोलणं थांबवलं आणि ते थेंब मशीनमध्ये फिरवले. फिरवण्याइतकेही नव्हते. काचेवर घेतले, झाकलं, डोळा लावला.

लाल पेशी आता फारशा नव्हत्या. रुंद, मेणचट, कडा तुटलेले साचे होते, दोन-चार, सुस्त पडलेले. असे साचे ज्या नळ्यांत होतात त्या सैल पडून रुंदावलेल्या असतात, त्यांच्यातून वाहायला काही उरलेलं नसतं. देवरे सरांनी पहिल्या दिवशी दाखवलेलं ते घर मला आठवलं. वळणं, ब्रशसारखे केस, एवढी गडबड. मी डोळा काढला नाही, कारण काढला तर त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

"काय दिसतं, बाई?"

आम्ही रिपोर्ट तोंडी सांगत नाही. नोकरीत मी तो नियम नेहमी पाळला. या बाईला मी सांगणार तरी काय होते?

"पानी तर नही ना त्याच्यात?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एक थेंबही नाही. अस्सल आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला. बऱ्याच दिवसांनी चेहरा सैल झाला. "मंग झालं," म्हणाल्या, पदर सावरला आणि मुलीकडे गेल्या.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा हात रिकामे होते. माझ्या टेबलापाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. आता थेंबही निघत नव्हता, ते मला कळलं. व्हरांड्यात नेऊन त्यांना बसवलं, माठातून पेला भरला आणि पुढे केला. त्यांनी तो घेतला. पाणी थंड होतं. त्या ते प्यायल्या नाहीत, आणि तिकडे यंत्र बंद होऊन मयुरीला बाहेर आणेपर्यंत पेला दोन्ही हातांनी धरून बसून राहिल्या.